पेट्रोलचा अंक आणि म्हैसूरचा ऊस

मोटारगाडी आपल्या समाजात रुळली, तशा तिच्याभोवती काही श्रद्धाही रुळल्या. त्यांपैकी एक अशी की, जे पेट्रोल महाग तेच गाडीला अधिक मानवते. हल्ली पुष्कळ पंपांवर दोन-तीन प्रकारचे पेट्रोल मिळते आणि त्यांच्या नावापुढे ९१, ९५, ९७, १०० असे अंक असतात. परीक्षेतील गुणांची सवय जडलेले आपले मन लगेच ठरवून टाकते की, शंभर अंकांचे पेट्रोल ते पहिल्या वर्गाचे आणि त्याखालचे ते सामान्य. सणावाराला देवापुढे साजूक तुपाचे निरांजन लावावे, तसे काही मालक महिन्यातून एकदा आपल्या गाडीला उंची पेट्रोल पाजतात आणि तिची सेवा केल्याच्या समाधानात घरी परततात. हा अंक कशाचा, तो कोणी ठरविला, आणि आपल्या गाडीला तो किती लागतो, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आज मी आपल्यापुढे या अंकाचा थोडा इतिहास मांडणार आहे. त्याचा आरंभ अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत झाला हे खरे. परंतु त्याचा एक महत्त्वाचा धागा म्हैसूरहून बंगळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ४५ किलोमीटरांवरच्या मंड्या या गावातून जातो, आणि पुढे तोच धागा आपल्या मिरज-मनमाडपर्यंत येऊन पोचतो. पेट्रोलचा अंक वाढविण्याचे दोन मार्ग शंभर वर्षांपूर्वी माणसाला सापडले होते. एक मार्ग शिशाचा, दुसरा मद्यार्काचा. जगाने पहिला पत्करला. मंड्याच्या माळावर मात्र दुसऱ्या मार्गाचीही पावले उमटली होती. आज साऱ्या देशाने तोच दुसरा मार्ग धरला असल्याने हा इतिहास केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. तो आपल्या खिशाशी आणि गाडीच्या आयुष्याशी निगडित झाला आहे.

प्रथम अंकाचा अर्थ समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात खाली-वर सरकणारा दट्ट्या. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दट्ट्या ते दाबतो, नेमक्या क्षणी ठिणगी पडते, आणि ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाऊन दट्ट्याला खाली ढकलते. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच इंधनातून अधिक काम निघते. म्हणून इंजिन बांधणाऱ्याची ओढ नेहमी दाब वाढविण्याकडे असते. परंतु दाबाबरोबर उष्णताही वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे ज्योत पोचण्याच्या आधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप भडकते. पंगतीत वाढप पुरे होण्याआधीच पलीकडच्या टोकाला कोणी हात चालवायला सुरुवात करावी, तसा हा प्रकार. त्या अवेळी भडक्याचा धक्का धातूवर बसतो आणि बाहेर टकटक असा आवाज ऐकू येतो. गॅरेजमधला कारागीर म्हणतो, इंजिन नॉक करते आहे. हे फार दिवस चालू राहिले तर शक्ती कमी होते, इंजिन तापते, आणि अखेरीस दट्ट्याचेच नुकसान होते.

पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे या अवेळी भडक्याला दाद न देण्याची त्याची क्षमता. तो पेट्रोलच्या संयमाचा अंक आहे, त्याच्या शक्तीचा किंवा शुद्धतेचा नव्हे. १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ही मोजणी सुचविली. आयसो-ऑक्टेन हा पदार्थ फार संयमी, म्हणून त्याला १०० गुण. हेप्टेन हा पदार्थ लगेच भडकणारा, म्हणून त्याला शून्य. हे हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातील एका जातीच्या पाइनच्या राळेपासून मिळवीत. एखादे पेट्रोल ठरावीक इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच संयम दाखवील, तर त्याचा अंक ९१. येथे १०० म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. उसाच्या मळीपासून निघणाऱ्या मद्यार्काचा अंक १०८ च्या आसपास भरतो. त्याच्या अंगी पेट्रोलहून अधिक संयम असतो. पण एका लिटरमागची उष्णता मात्र पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. अधिक अंक म्हणजे अधिक शक्ती ही समजूत किती चुकीची आहे, हे या एका उदाहरणावरून पटावे.

आता त्या दोन मार्गांकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग व त्यांचे सहकारी थॉमस मिजली या टकटकीचा शोध घेत होते. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळला की ती थांबते, हे दोन्हीकडे ठाऊक झाले होते. इंग्लंडमध्ये तर १९२८ पासून मद्यार्क मिसळलेले पेट्रोल डिस्कॉल या नावाने विकलेही जाऊ लागले. परंतु ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग हजार भागांत एका भागाहूनही कमी घातले, तरी तोच परिणाम साधतो. मद्यार्क दहा-वीस टक्के घालावा लागतो, तो शेतातून येतो, आणि कोणीही गाळू शकतो. शिशाचे संयुग मात्र थोडे लागते आणि त्यावर एकाधिकार मिळविता येतो. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याला नाव दिले एथिल. शिशाचा उच्चार नावात कोठेही नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही गुपित नव्हते. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. विक्री काही काळ थांबली, १९२५ साली वॉशिंग्टनला परिषद भरली, समिती नेमली गेली, आणि १९२६ मध्ये विक्रीला पुन्हा वाट मिळाली. कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम झाले. पण गाडीच्या धुरातून शहराच्या हवेत जाणाऱ्या शिशाचा दीर्घकाळ हिशेब कोणी ठेवायचा, हा प्रश्न तसाच राहिला. तो हिशेब क्लेअर पॅटर्सन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडला. माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाहून कितीतरी पटींनी वाढले आहे, असे त्यांनी दाखविले. पुढील संशोधनाने हे शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते हे निर्विवाद सिद्ध केले. तोवर चाळीस-पन्नास वर्षे उलटली होती.

याच काळात म्हैसूर संस्थानात एक निराळी घडामोड चालली होती. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ साली सुरू झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्या वेळी संस्थानाचे मुख्य अभियंता होते आणि पुढे १९१२ ते १९१८ पर्यंत दिवाण. धरणाचे काम पुढे दीर्घकाळ चालले, आणि १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्याचे पाणी आयर्विन कालव्यातून मंड्याच्या कोरडवाहू जमिनीवर आले. आज त्या कालव्याला विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. पाणी आले; आता त्या पाण्यावर पीक कोणते घ्यायचे आणि त्याचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. संस्थानाच्या शेतीखात्याचे संचालक लेस्ली कोलमन हे मूळचे कॅनडाचे. त्यांनी उसाचा आणि साखर कारखान्याचा आग्रह धरला, दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९३३ साली म्हैसूर शुगर कंपनी स्थापन होऊन मंड्याला साखर तयार होऊ लागली. कोलमन यांची स्मृती मंड्याने अद्याप जपली आहे.

१९३२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पाच-सहा वर्षांत देशातील कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपासवरून सव्वाशेच्या पुढे गेली. साखरेबरोबर मळीही वाढली. एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. साखर काढून झाल्यावर उरणारा हा काळा, चिकट, आंबूस वासाचा द्रव कारखानदाराला डोकेदुखी होऊन बसला. तो टाकावा कोठे? ओढ्यात सोडावा तर पाणी नासते. साठवावा तर टाक्या हव्यात. याच मळीला आंबवून गाळले तर एका टन उसामागे सुमारे १० लिटर मद्यार्क मिळतो. परंतु पेट्रोलमध्ये मिसळण्याला साधा मद्यार्क चालत नाही. नेहमीच्या गाळपात त्याच्यात चार-पाच टक्के पाणी उरते, आणि ते कितीही वेळा गाळले तरी सुटत नाही. असा मद्यार्क पेट्रोलमध्ये घातला तर पाणी खाली बसते आणि गाडी वाटेतच अडते. त्यासाठी निराळ्या प्रक्रियेने ते पाणी काढून ९९.५ टक्के शुद्धतेचा मद्यार्क करावा लागतो. त्यालाच त्या काळी पॉवर अल्कोहोल हे नाव पडले.

मंड्याच्या कारखान्याला जोडून गाळपाचा कारखाना उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानात मद्यार्कमिश्रित पेट्रोल वापरात आले. संयुक्त प्रांतानेही १९४० साली पॉवर अल्कोहोलचा कायदा केला. १९४१ मध्ये पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले. त्या दिवसांत कोळशाच्या गॅसची भट्टी पाठीवर घेऊन धापा टाकीत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांनी पाहिल्या होत्या. ब्रह्मदेशातील तेल जपानच्या हाती गेल्यावर तर घरचे इंधन ही चैन न राहता गरज झाली. विचार करण्यासारखी गोष्ट ही की, मंड्याला मद्यार्क निवडण्याचे कारण ऑक्टेन नव्हते. कारण होते मळीची विल्हेवाट आणि परदेशी तेलावरचे अवलंबन. अंक वाढला तो जोडीला, न मागता मिळालेल्या वाढाव्यासारखा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली साऱ्या देशासाठी पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला. तथापि तो बहुतांशी कागदावरच राहिला. १९५४ आणि १९५५ साली ट्रॉम्बे येथे दोन मोठे तेलशुद्धी कारखाने सुरू झाले, पेट्रोल स्वस्त आणि मुबलक झाले. मद्यार्क रसायनांच्या कारखान्यांकडे आणि पिण्याच्या दारूकडे वळला. अंक वाढविण्याचे काम जगभर चालले होते तसे येथेही शिशाकडे गेले. ब्राझीलने १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ साली, उसाच्या मद्यार्काची राष्ट्रीय योजना हाती घेतली. आपण तो कायदा २००० साली रद्द केला. ज्या वर्षी आपण मद्यार्काचा जुना कायदा काढून टाकला, त्याच वर्षाच्या १ फेब्रुवारीपासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याला लक्षणीय वाटेल. शिसे गेले, त्याची जागा कोणी घ्यायची, हा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला.

या मधल्या काळातील म्हैसूरची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. १९६१ साली म्हैसूरच्या यादवगिरी भागात आयडियल जावा कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून झालेले, आणि मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. तिचे इंजिन दोन स्ट्रोकचे, साध्या बांधणीचे आणि माफक दाबाचे. पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळून ते टाकीत घालावे लागे. त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या हलक्या अंकाच्या पेट्रोलवर ती गाडी कुरकुर न करता चाले. १९७० नंतर तिलाच येझदी हे नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पण त्या गाड्या कुटुंबातल्या माणसासारख्या जपणारे लोक म्हैसुरात आणि पुण्या-कोल्हापुरातही आहेत. हे उदाहरण देण्याचे कारण असे की, इंजिन आणि पेट्रोल यांची जोडी ठरवूनच लावावी लागते. त्या पिढीच्या जावाला किंवा सातच्या आसपास दाब असलेल्या जुन्या ॲम्बॅसडरला १०० अंकाचे पेट्रोल पाजणे म्हणजे बैलगाडीला आगगाडीचे वेळापत्रक देण्यासारखे आहे. बैलाला त्याचा उपयोग नाही आणि मालकाचे पैसे मात्र गेले.

आपल्याकडचे पेट्रोल मात्र हळूहळू बदलत गेले. १९९० नंतरच्या दशकात सामान्य पेट्रोलचा अंक ८७ होता. भारत स्टेज तीनच्या नियमांबरोबर तो ९१ झाला. शिशाऐवजी तेलशुद्धीच्या सुधारित प्रक्रियांनी आणि इतर मिश्रणांनी हा अंक गाठला गेला. आणि २००१ साली मद्यार्क परत आला. केंद्र सरकारने प्रायोगिक तत्त्वावर तीन ठिकाणांहून मद्यार्कमिश्रित पेट्रोल विकायला आरंभ केला. त्यांतील एक ठिकाण उत्तर प्रदेशात बरेलीजवळचे आंवला, आणि उरलेली दोन महाराष्ट्रातील मिरज व मनमाड. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्याला मिरज जवळ, आणि मनमाडला तेलाचा मोठा डेपो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखरेचा पाया घातला, त्या परंपरेला मंड्याचा जुना विचार अशा रीतीने येऊन मिळाला. २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ च्या जूनपर्यंत देशाने सरासरी दहा टक्के गाठले, आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरला वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचा आरंभ झाला. २०२५ मध्ये ते देशभर सामान्य पेट्रोल म्हणून मिळू लागले. त्याचा अंक ९५.

येथे सामान्य मालकाच्या मनात गोंधळ उडतो, आणि तो रास्त आहे. अंक ९१ वरून ९५ झाला, मग गाडी अधिक चांगली चालायला हवी. उलट लिटरमागे अंतर कमी भरते, अशी तक्रार का? उत्तर मघाच्या विवेचनातच आहे. मद्यार्कात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश उष्णता. पाचांत एक भाग मद्यार्क घातला, म्हणजे एकंदर उष्णतेत सुमारे सात टक्क्यांची घट आली. वाढलेल्या संयमाचा फायदा घेऊन ही घट भरून काढता येते, पण अधिक दाबाने चालणाऱ्या इंजिनालाच. जुन्या इंजिनाचा दाब तेवढाच राहतो. त्याला संयमाचा लाभ नाही, उष्णतेचा तोटा मात्र आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या बेताच्या चारचाकींच्या बाबतीत सहा-सात टक्क्यांची, दुचाकींच्या बाबतीत तीन-चार टक्क्यांची घट गृहीत धरली होती. नव्या मिश्रणासाठीच आखलेल्या गाड्यांत ही घट एक-दोन टक्क्यांवर येते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, वायसर आणि कार्ब्युरेटरचे काही भाग मद्यार्काने फुगतात किंवा झिजतात. तेव्हा ते वेळोवेळी तपासून बदलणे शहाणपणाचे. शिवाय मद्यार्क पाणी ओढून घेतो, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये, विशेषतः कोकणातील पावसाळ्यात.

मग योग्य अंक निवडायचा कसा? पहिला नियम सोपा आहे. गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकात आणि बहुधा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किमान अंक लिहिलेला असतो. तो ९१ असेल तर ९१ पुरे. त्याहून वरचा अंक घेऊन गाडी अधिक पळत नाही की अधिक टिकत नाही. तो ९५ असेल, विशेषतः टर्बो बसविलेल्या इंजिनाच्या बाबतीत, तर त्याखाली उतरू नये. आजच्या गाड्यांत टकटक ओळखणारी योजना असते. ती ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन वाचविते, पण त्याची किंमत शक्तीत आणि इंधनात मोजावी लागते. परदेशातल्या आप्तांच्या सल्ल्याने मात्र गोंधळू नये. न्यू जर्सीत राहणारा भाचा सांगतो की, आम्ही तर ८७ घालतो. त्याचे ८७ म्हणजे निराळ्या दोन मोजण्यांची सरासरी. आपल्या मापात ते ९१-९२ च्या घरात येते. फूट आणि मीटर यांची तुलना करावी, तसा हा प्रकार.

दुसरा नियम चालविणाऱ्याच्या हाती आहे. चामुंडीच्या टेकडीवर किंवा खंबाटकीच्या घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटीत नेली की, चांगल्या पेट्रोलवरही टकटक ऐकू येते. अशा वेळी पेट्रोलपंपाला दोष देण्यापूर्वी एक गिअर खाली उतरावे. समुद्रसपाटीवर हवा दाट असते, म्हणून तीच जुनी गाडी म्हैसूरच्या सुमारे अडीच हजार फूट उंचीवर निमूट चालते आणि मुंबईत टकटक करते, असाही अनुभव येतो. गिअर बदलूनही आवाज थांबत नसेल, तर आधी ठिणगीची वेळ, प्लग आणि साचलेली काजळी तपासून घ्यावी. अंक वाढविणे हा शेवटचा उपाय.

येथवर मी निवड हा शब्द वापरला. पण इतिहास पाहिला तर या बाबतीत सामान्य माणसाला निवड फारशी कधीच मिळालेली नाही. शिसे त्याने निवडले नव्हते. ते काही कंपन्यांनी निवडले, सरकारांनी मान्य केले, आणि जगातले अखेरचे शिसेयुक्त पेट्रोल २०२१ साली अल्जीरियात संपेपर्यंत मुलांनी त्याची किंमत मोजली. मद्यार्काची निवड त्याहून कितीतरी निर्मळ आहे. त्याने आयात वाचते, ऊसवाल्याला पैसा मिळतो, आणि हवेत विष जात नाही. परंतु म्हणून त्याचा हिशेब ठेवायचा नाही असे नव्हे. मळीपासून केलेला मद्यार्क हे टाकाऊचे सोने. उसाच्या रसापासून थेट केलेल्या मद्यार्काची गोष्ट वेगळी. त्या एका लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्याच अहवालात आहे. कावेरीच्या पाण्यावरून दोन राज्ये भांडत असताना आणि मराठवाड्यात टँकरची वाट पाहिली जात असताना हा आकडा विसरण्यासारखा नाही. २०२३ च्या डिसेंबरात साखर कमी पडेल या भीतीने रसाच्या वापरावर बंधन आले आणि पुढच्या वर्षी ते उठले. शेत आणि टाकी यांच्यातली ही ओढाताण यापुढेही चालणारच.

जुन्या गाडीसाठी मद्यार्कविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी ती याचिका फेटाळली गेली. देशाचे धोरण एक आणि प्रत्येक टाकीसाठी निराळे पेट्रोल, हे प्रशासनाला अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि धोरण एकच असले, तरी माहिती लपण्याचे कारण नाही. शिशाच्या इतिहासातील सर्वांत मोठा दोष शिसे विषारी असणे हा नव्हता. विषाचे नाव पाटीवर न लिहिणे, हा होता. म्हणून प्रत्येक पंपावर दोन अंक ठळक मराठीत लिहिलेले असावेत: ऑक्टेन किती आणि मद्यार्क किती. ते दोन अंक कळले, आणि आपल्या गाडीच्या पुस्तकातला तिसरा अंक ठाऊक असला, की मालकाला कोणाच्या जाहिरातीची किंवा सल्ल्याची गरज उरत नाही.

मंड्याच्या कारखान्यात जेव्हा पहिल्यांदा मळीपासून इंधन निघाले, तेव्हा ते काढणाऱ्यांना भावी काळातल्या अंकांची कल्पना नव्हती. हाताशी आहे ते वाया जाऊ द्यायचे नाही आणि नाही त्यासाठी परक्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. पेट्रोलपंपावर उभे राहून आपणही तेवढाच हिशेब करावा. गाडीला लागते तेवढे द्यावे, त्याहून कमी देऊ नये, आणि केवळ अंक मोठा म्हणून अधिकही देऊ नये.